ठिपक्यापुढचं पाणी

मार्च सरत आला की बंगळुरात आमच्या इंदिरानगरातल्या गल्लीतली होंगेची, म्हणजे करंजाची, झाडं आठवडाभरात जुनी पानं टाकून नवी घालतात, आणि मागोमाग रस्त्यावर लाह्या सांडाव्यात तसा फुलांचा सडा पडतो. फिरायला येणारी माणसं थांबून फोटो काढतात. मला मात्र परीक्षा आठवते. परीक्षा देऊन साठ वर्षं उलटली, त्यानंतर जन्मभर दुसऱ्यांच्या परीक्षा घेतल्या, निवृत्त होऊनही जुनी झाले, तरी होंगे फुलला की मी आपली एकोणीस वर्षांची नापास मुलगी होते. झाडाला काय, त्याचं वेळापत्रक ठरलेलं.

त्यात यंदा वरच्या मजल्यावरची अनन्या खाली आली. पुण्याहून बदलून आलेलं कुटुंब, मुलगी अकरावीत. मी रसायनशास्त्र शिकवायची हे तिच्या आईला कुठून कळलं कोण जाणे. अनन्या वही माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "आजी, हा मधला डॉट म्हणजे मल्टिप्लाय का? आणि मोलर मास काढताना हे टेन एच-टू-ओ धरायचं की इग्नोर करायचं?"

वहीत लिहिलं होतं, Na₂CO₃·10H₂O. धुण्याच्या सोड्याचे खडे.

"धरायचं," मी म्हटलं. इतक्या जोरात म्हटलं की ती बिचारी दचकली. मग तिच्यासाठी सरबत करायचं निमित्त काढून मी आत गेले. लिंबू हातात होतं आणि वास येत होता उकळत्या कच्च्या रेशमाचा. आंबूस, कोंदट, किड्यांची आठवण करून देणारा तो वास ज्याच्या घरात होता त्यालाच कळेल.

आमचं तेव्हाचं घर जुन्या बंगळुरातल्या कब्बनपेटेत. आम्ही रंगारी. आमची माणसं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आली म्हणतात. कोणाबरोबर आली याबद्दल प्रत्येक म्हाताऱ्याचं मत वेगळं होतं आणि प्रत्येकाला आपलंच खरं वाटायचं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि उंबऱ्यावर दोन्हींची खिचडी. विणकर आणि व्यापारी कच्चं रेशीम आणून द्यायचे. कच्च्या रेशमावर किड्याचा डिंक असतो, तो सोडा आणि साबणाच्या उकळीत काढावा लागतो, तेव्हा कुठे रेशीम चमकतं आणि रंग धरतं. हे काम माझ्या वडिलांचं, अप्पांचं. थोरले काका गिऱ्हाईक बघायचे. त्यांना आम्ही कन्नड रीतीप्रमाणे दोड्डप्पा म्हणायचो. घरात शब्द त्यांचा चालायचा, आणि कढई अप्पांची.

अप्पांना मोजमाप फारसं लागत नसे. पाण्यात सोडा विरला की ते दोन बोटं बुडवून एकमेकांवर घासायचे. "बोटावरनं निसटलं पाहिजे यमू, पण पळून जाता कामा नये," असं म्हणायचे. उन्हाळ्यात डब्यातले सोड्याचे काचेसारखे खडे पांढरे पडून त्यांचं पीठ व्हायचं, तेव्हा ते मूठभर कमी घालायचे. का, असं विचारलं तर म्हणायचे, "वाळला की जोर वाढतो त्याचा. माणसासारखंच." मी हे लहानपणापासून बघत होते. बघत होते म्हणजे डोळ्यांनी. डोक्यापर्यंत ते पोचलं नव्हतं.

डोक्यात पुस्तक होतं, आणि तेही उसनं. आमच्या घरात एका वस्तूला एकच नाव होतं: मोरचूद, हिराकस, तुरटी, नवसागर. कन्नड शाळेत गेले तर तिथे जलजनक, आम्लजनक, इंगाल. त्यांच्याशी कशीबशी ओळख झाली, मॅट्रिक झाले, आणि पीयूसीला, म्हणजे कॉलेजच्या पहिल्या पायरीला, गेले तर सगळं इंग्रजीत. जलजनकाचा हायड्रोजन झाला, सासरी जाऊन नाव बदललेल्या मुलीसारखा. लोखंडाची तर दोन-दोन नावं, फेरस आणि फेरिक, आणि ते कुठल्या वेळी कुठलं सांगेल याचा भरवसा नाही. कुठल्या मूलद्रव्याला किती हात आहेत, म्हणजे संयुजा किती, ते पाठ करायचं, मग हात जुळवून सूत्र लिहायचं, मग अणुभारांची बेरीज करून रेणुभार काढायचा. वर्गात आम्ही तीन मुली पहिल्या बाकावर, मागे साठ मुलगे. शंका विचारायला उठायची माझी छाती नव्हती. उठले असते तरी शंका कुठल्या भाषेत विचारायची हीच शंका होती.

पहिल्या वर्षी मी रसायनात आपटले. घरात कुणी रागावलं नाही, तेच जास्त लागलं. दोड्डप्पांनी फक्त एवढंच सांगितलं, "बसू दे आणि एकदा. ही शेवटची. यंदा गेली तर होसकोट्याच्या पाहुण्यांना हो म्हणून कळवायचं." होसकोट्याला एक स्थळ होतं, चांगली माणसं होती, मुलाचं किराणा दुकान होतं. त्या मुलाचं काही चुकलं नव्हतं. पण ते नाव ऐकलं की मला विहिरीत वाकून बघितल्यासारखं व्हायचं. मला शिकायचं होतं. का, ते तेव्हाही सांगता आलं नसतं. भूक का लागते ते कोण सांगतं?

अप्पा माझ्या बाजूचे. ते स्वतः चौथीपर्यंत गेलेले, पण माझा अभ्यास त्यांनी कढईवरच मांडला. लडी हलवता हलवता विचारायचे, "हिराकस म्हणजे?" मी म्हणायची, फेरस सल्फेट. "मोरचूद?" कॉपर सल्फेट. एक दिवस त्यांनी चुन्यात कुंचला बुडवून माझ्या हातात दिला आणि सगळ्या डब्यांवर सूत्रं लिहून घेतली. FeSO₄, CuSO₄, Na₂CO₃. येणाऱ्या-जाणाऱ्याला बोट दाखवून म्हणायचे, "आमच्या यमूनं लिहिलंय. कालेजातलं आहे ते." आज ते डबे डोळ्यांपुढे आणले की एक गोष्ट दिसते. एकाही डब्यावर पाणी नाही. हिराकसाच्या खड्यात पाण्याचे सात रेणू, मोरचुदाच्या खड्यात पाच, सोड्याच्या खड्यात दहा. स्फटिकात पाणी कोंडलेलं असतं, ते ठिपका देऊन सूत्रापुढे लिहायचं असतं. वर्गात सर हे सांगून गेले होते. समीकरण लिहिताना ते सोडलं तरी चालतं असंही म्हणाले होते. मी 'चालतं' तेवढंच ऐकलं.

परीक्षेला बारा दिवस होते. उगादी, आपला पाडवा, नुकतीच झाली होती, दारावरची कडुलिंबाची डहाळी वाळायला लागली होती. एका जुन्या व्यापाऱ्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि सगळ्या साड्यांचं रेशीम आमच्याकडे आलं होतं. तीन पिढ्यांचं गिऱ्हाईक. दोड्डप्पांनी दोनदा बजावलं होतं की जपून काम करा. आणि नेमका बाजारात खडा सोडा मिळेना. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या शेट्टींनी भुकटीच्या सोड्याचा छापील पुडा दिला. अप्पा पुडा घेऊन आले आणि माझ्याजवळ चुलीपाशी बसले.

"यमू, शेट्टी म्हणाला, इदु कडक, अण्णा, स्वल्प हाकि. हा कडक आहे, थोडाच घाला म्हणतोय. थोडा म्हणजे किती गं? तुमच्या पुस्तकात असेल की."

अप्पांनी मला विचारलं. कढईच्या धन्यानं, नापास मुलीला. मला काय झालं ते कसं सांगू. अंगावर मूठभर मांस चढलं. पुडा बघितला, त्यावर सोडियम कार्बोनेट असं छापलेलं होतं. म्हटलं, "अप्पा, शेट्टींना काय कळतंय. खडा पण सोडियम कार्बोनेट, भुकटी पण सोडियम कार्बोनेट. सूत्र एकच, वजन एकच. खड्याचा एक शेर घालत होता ना? याचाही एकच शेर घाला." आणि पाटीवर सूत्र लिहून, बेरीज करून दाखवली. एकशे सहा. खाली दोन रेघा ओढल्या.

त्यांनी शेरभर भुकटी कढईत टाकली, ढवळली, आणि सवयीनं दोन बोटं बुडवून घासली. मग थांबले. पुन्हा घासली. माझ्याकडे बघून म्हणाले, "हिशोब पक्का ना?"

"पक्का."

"सरी," म्हणाले, म्हणजे ठीक आहे, आणि लडी सोडल्या.

ती बोटं घासायला आणि 'सरी' म्हणायला मिळून किती वेळ लागला असेल? माझा सगळा जन्म त्या दोन्हींच्या मध्ये अडकून पडला आहे. त्यांच्या बोटांना कळलं होतं. तीस वर्षं मुरलेली बोटं ती. माझ्या पाटीला ती खोटी ठरवू शकत होती. त्यांनी पाटीचं ऐकलं.

रेशीम बाहेर काढलं तेव्हाच कळलं. लडीचा हातात जीव जाणवतो, पिळली की ती करकरते. ही गप्प होती. चमक गेलेली, ओल्या सुती चिंधीसारखी लोंबणारी. अप्पांनी एक तार दोन बोटांत धरून ताणली आणि ती तुटली. दुसरी तुटली. तिसरी त्यांनी ताणलीच नाही. लडी खाली ठेवून ते चुलीतली लाकडं बाहेर ओढायला लागले. विस्तव आता विझवून काय उपयोग होता, पण ते ओढत राहिले.

मी माडीवर पळाले आणि पुस्तक उघडलं. पान सापडायला वेळ लागला नाही. कोरंच होतं ते, त्यावर एकही खूण केलेली नव्हती. सोड्याचे खडे: एकशे सहा, ठिपका, दहा पाण्याचे एकशे ऐंशी. एकूण दोनशे शहाऐंशी. म्हणजे खड्यातला निम्म्याहून जास्त भाग नुसतं पाणी. शेरभर खड्याच्या जागी भुकटी घालायची होती सहा छटाक. मी सोळा घालायला लावली होती, आणि त्या जोरानं डिंकाबरोबर रेशीमही खाल्लं होतं. शेट्टींना कळलं होतं ते मला कळलं नव्हतं. उन्हात पांढऱ्या पडलेल्या खड्यांनी लहानपणापासून मला हेच सांगितलं होतं, आणि मी त्यांच्या डब्यावर पाण्याशिवायचं सूत्र लिहून ठेवलं होतं.

संध्याकाळी दोड्डप्पा आले. लडी बघितल्या. आवाज न चढवता विचारलं, "हे कसं झालं?"

मी जिन्यात उभी होते. जिन्याच्या नवव्या पायरीवर. खाली उतरून एक वाक्य बोलायचं होतं. मी ते बोलले असते तर बारा दिवसांनंतरची परीक्षा नव्हती, होसकोटे होतं. वाक्य घशापर्यंत आलं होतं, देवाशप्पथ आलं होतं.

"आच जास्त झाली," अप्पा म्हणाले. "माझं लक्ष नव्हतं. चूक माझी."

मी वरची पायरी चढले.

मला वाचवायला ते असं बोलले असं वाटलं असतं तरी सोसलं असतं. पण दोन दिवसांनी ते माझ्याजवळ येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "यमू, तू शिकलेली आहेस. सोडा तर बरोबर होता. मग आचच ना गं? मला तर नेहमीचीच वाटली होती. हातालाच कळेनासं झालं की काय?" पाटीवर शंका घ्यायचं त्यांच्या मनातच आलं नव्हतं. पाटी बरोबर, म्हणजे हात चुकला. मी पुस्तकात डोकं घालून म्हटलं, "मला नाही ठाऊक, अप्पा."

दोड्डप्पांनी त्यांना कढईवरून उठवलं. भांडण नाही, काही नाही. "आता मी बसतो इथं. तू लडी पिळ," एवढंच. लडी पिळणं हे शिकाऊ माणसाचं काम. अप्पा पिळायला लागले. घरात ते सगळ्यांना विचारायचे, आच बरी आहे ना? आईनं दूध ठेवलं तरी विचारायचे. स्वतःच्या तळव्याकडे बघत बसायचे. मी समोर बसून घोकत होते, सोडियमला एक हात, कॅल्शियमला दोन, अ‍ॅल्युमिनियमला तीन. त्या बारा दिवसांत मी इतका अभ्यास केला की पुढे कधी केला नाही. भीतीनं केला. मला वाटायचं, पास झाले की सांगेन. पास झाल्यावर सांगण्याची किंमत कमी होते, हा हिशोब तेवढा मला लगेच जमला.

रसायनाच्या पेपरला अप्पा सोडायला आले. त्यांना आता सकाळी काम नव्हतं. कॉलेजच्या फाटकाबाहेर होंगेचं झाड होतं, त्याखाली ते उभे राहिले, टोपीवर फुलं पडत होती. आत प्रश्नपत्रिका मिळाली. चौथा प्रश्न होता, धुण्याच्या सोड्याच्या खड्यांत पाण्याचं शेकडा प्रमाण किती ते काढा.

मी तो दोनदा वाचला. देव चेष्टा करतो असं म्हणतात, ते मी त्या दिवशी मानलं. वाटलं, उठून बाहेर जावं, त्या झाडाखाली जाऊन सांगावं. वाटलं, हा प्रश्न कोरा सोडावा, एवढी तरी लाज ठेवावी. खिडकीतून फाटक दिसत होतं, अप्पा दिसत नव्हते. शेजारच्या मुलाचा टाक करकरत होता.

मी तो प्रश्न सोडवला. दोनशे शहाऐंशीत एकशे ऐंशी, शेकडा त्रेसष्टला जरा कमी. ठिपका नीट दिला. खाली दोन रेघा ओढल्या. अख्ख्या हॉलमध्ये तो प्रश्न माझ्याइतका कुणालाच येत नसेल.

बाहेर आले तर अप्पांनी विचारलं, "अवघड होतं?" म्हटलं, "नाही. येत होतं." त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि मला चिक्कपेटेत दोसा खाऊ घालून घरी नेलं. तो घशाखाली उतरला. हेही लिहिलं पाहिजे, उतरला.

पुढचं सगळं लोकांच्या दृष्टीनं छान झालं. पास झाले, बीएस्सी झाले, शिकवायला लागले. रंगाऱ्याच्या घरातली पहिली. दोड्डप्पांनी स्वतः पेढे वाटले. दर वर्षी त्या धड्यावर मी चार दिवस थांबायची. मुली आपसात म्हणायच्या, मॅडमना स्फटिकजलाचं वेड आहे. आणि अप्पा पुन्हा कधी कढईवर बसले नाहीत. दोड्डप्पांनी नंतर दोनदा बोलावलं, पण तेच नको म्हणाले. हाताचा भरवसा राहिला नाही म्हणाले. आधी परीक्षा होती म्हणून सांगितलं नाही, मग निकाल होता म्हणून, मग नवी नोकरी, मग त्यांचं वय. नाही सांगायला कारणं कधी कमी पडली नाहीत. मी भित्री होते, आणि आहे.

अनन्यानं सरबत संपवून बेरीज पुरी केली. "टू एटी-सिक्स, आजी. करेक्ट?" करेक्ट म्हटलं. "पण पाणी तर ड्राय क्रिस्टलमध्ये दिसतच नाही ना, मग लक्षात कसं ठेवायचं?" मी म्हटलं, "एकदा चुकलीस की राहील लक्षात." तिला तो विनोद वाटला. हसली आणि जिना चढून वर गेली.

अप्पांच्या शेवटच्या वर्षीही होंगे असाच फुलला होता. दुपारची वेळ, ते खिडकीपाशी खाटेवर टेकून बसलेले. दोड्डप्पा आधीच गेले होते, कढई मोडीत निघाली होती, मला आता कुणी होसकोट्याला पाठवणार नव्हतं. घरात आम्ही दोघंच. ते बराच वेळ उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांवर घासत होते, नुसतीच, कोरडी. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "यमू, आता तू एवढी शिकलीस. खरं सांग. त्या दिवशी आच किती जास्त झाली असेल गं?"

ते खरंच आचेचं विचारत होते की मला बोलायला वाट करून देत होते, हे मला अजून कळलेलं नाही. बोटं थांबली होती. ते उत्तराची वाट बघत होते.

"थोडीच, अप्पा," मी म्हटलं. "स्वल्पच."

"सरी," म्हणाले, आणि हात पांघरुणात घेतला.